अळणी भाकरीची मापाई

नमो अनंता अपारा । मापी न ये तुझा पसारा ।
कणाकणांत तुझा थारा । वंदन तुज ॥

ज्याने आकाशाला कुंपण घातले नाही आणि समुद्राला झाकण लावले नाही, तरी दोघांनाही आपापल्या जागी राखले, त्या परमेश्वराला आधी नमस्कार. त्याच्या दारी राजाचे आणि रंकाचे माप एकच. त्या मापाचा लहानसा अंश ज्या बाईच्या हाती आला, तिची कथा आता सांगतो. थोरांनी ती पूर्वी ऐकली असेल, त्यांनी पुन्हा ऐकावी. लहानांनी मांडी घालून बसावे आणि भूक लागली तरी थोडे थांबावे, कारण ही कथा भुकेचीच आहे.

फार वर्षांपूर्वी पळसमाथ्याला पेठ नव्हती. आज जिथे तांबटांची आळी दिवसभर ठणठणते आणि कोष्ट्यांचे माग थांबत नाहीत, तिथे तेव्हा पळसाचे रान होते. घाट चढून आले की पहिली सपाटी लागे. त्या सपाटीवर एक वड, वडाखाली एक काळा खडक, आणि खडकापासून हाकेच्या अंतरावर बारा घरे. एवढेच गाव. पण दर मंगळवारी त्या वडाखाली बाजार भरे. खालून, समुद्राकाठच्या मिठागरांतून, आगरी माणसे बैलांच्या पाठीवर मिठाच्या गोण्या लादून घाट चढत. वरून, देशावरच्या खेड्यांतून, कुणबी नाचणी आणि जोंधळा घेऊन येत. नाणे त्या काळी राजवाड्यात असे. गरिबाच्या बाजारात जेवढे मीठ, तेवढे धान्य.

भांडण होते ते मापाचे. आगऱ्यांची पायली बाहेरून मोठी, पण बुडाला बोटभर जाड. कुणब्यांची पायली तोंडाला रुंद, पण पोटाला आखूड. देताना ज्याने त्याने आपली पायली काढायची, घेताना समोरच्याच्या पायलीला नावे ठेवायची. आधी शब्द होत. मग गोण्या ओढल्या जाऊ लागल्या. आणि एका मंगळवारी दगड उचलला गेला. तो कोणी उचलला, हे कोणी सांगितले नाही. पण तो हिरू नायकाच्या धाकट्या भावाच्या कपाळी लागला आणि तो तरणाबांड माणूस वडाखालीच संपला. हिरू नायक हा मिठागरांच्या सगळ्या आगऱ्यांचा पुढारी. त्याने भावाला बैलाच्या पाठीवर आडवा बांधला आणि गावच्या मायदेव पाटलाला सांगितले, "पाटील, या माथ्यावर आता मिठाचा खडा चढणार नाही. आम्ही दुसऱ्या घाटाने जाऊ. तुम्ही माती खा."

तसेच झाले. एक वर्ष पळसमाथ्यावर आणि भोवतीच्या चाळीस गावांत मीठ आले नाही. श्रोतेहो, मीठ रोज ताटात असते, म्हणून आपल्याला ते दिसत नाही. त्या वर्षी ते सगळ्यांना दिसले. लोणची कुजली. गुरे भिंतींचा पोपडा चाटू लागली आणि चाटता चाटता खंगून पडली. माणसांच्या अंगातले त्राण गेले. शेतातून घामेजून आलेल्या लेकराला आई जवळ घ्यायची आणि त्याच्या कपाळाचा मुका घेता घेता ओठ चाटायची, असे म्हणतात. आधी म्हातारी माणसे गेली, मग अंगावर पिणारी.

त्या वर्षाच्या अखेरीस गावात एक बाई आली. तिशीच्या आतली असावी, पण केस पांढरे झालेले. तिच्यापाशी गाठोडे नव्हते. काखेत फक्त एक लाकडी पायली होती, शिसवाची, आणि तिच्या कडेवर एक चिमणी कोरलेली.

पाटलांनी विचारले, "बाई, नाव काय तुझे?"

"एल्हाई."

"गाव?"

"होते."

"माणसे?"

"तीही होती."

हळूहळू कळले ते इतके. तिच्या गावात साथ आली आणि आठ दिवसांत घरेच्या घरे रिकामी झाली. नवरा सुतार होता, तो गेला. ती स्वतः तीन दिवस तापात बेशुद्ध होती. शुद्धीवर आली तेव्हा शेजारी झोपवलेली दोन वर्षांची लेक राही तिथे नव्हती. कोणी नेली, की कोल्ह्यांनी ओढली, हे सांगायला गावात कोणी जिवंत उरले नव्हते. ती रानोरान हिंडली. अखेर नवऱ्याने घडवलेली पायली तेवढी उचलली आणि वाट फुटेल तिकडे चालत सुटली.

तिने गावाची दशा पाहिली, भांडणाची गोष्ट ऐकली, आणि पाटलांना म्हणाली, "नायकाला एकदा बोलवा. माप मी धरीन."

मायदेव पाटील अनवाणी घाट उतरले. नायकाच्या दारात त्यांनी पागोटे उतरवून ठेवले. नायक एक मंगळवार यायला कबूल झाला. पुढच्या मंगळवारी तो तीन बैल घेऊन चढला. मागे काठ्या घेतलेली वीस माणसे.

"पाटील," नायक म्हणाला, "भाऊ माझा तुमच्या मापाने मेला. आता हिचे माप आणलेत?"

एल्हाईने आपली पायली पाण्याने काठोकाठ भरली आणि आगऱ्यांच्या पायलीत ओतली. पाणी वरून सांडले. पुन्हा भरली आणि कुणब्यांच्या पायलीत ओतली. तेही सांडले. दोन्ही बाजूंची माणसे आपापल्या पायाशी झालेल्या चिखलाकडे बघत राहिली.

नायक मात्र हटला नाही. "आमचे खोटे, यांचे खोटे. तुझे खरे कशावरून?"

तेव्हा ती जे म्हणाली, ते पळसमाथ्यात आजही लहान पोरांना पाठ असते. ती म्हणाली, "खोटे माप माणूस आपल्या माणसांसाठी ठेवतो, नायक. मला कोणी नाही. मी ते कोणासाठी ठेवू?"

वडावरचे पक्षीसुद्धा त्या वेळी गप्प झाले, असे म्हणतात. नायकाने काठी खाली ठेवली आणि म्हणाला, "मग असेच राहायचे. कोणी नाही, तर कोणी नाही. या माथ्यावर कोणाच्या घरात पाऊल टाकायचे नाही, कोणाचे जेवायचे नाही, कोणाशी नाते जोडायचे नाही. आमच्या मिठाचा खडा तुझ्या तोंडात गेला, की तू आमची झालीस. यांच्या ताटावर बसलीस, की यांची झालीस. त्या दिवशी बाजार मोडला."

पाटलांनी मान हलवली. एल्हाईने काळ्या खडकावर हात ठेवून शपथ घेतली. तिला ती शपथ जड वाटली नाही. जे आधीच गेले होते, तेच तर ती देत होती.

वडाजवळ, घाटाची वाट आणि गावाची वाट जिथे मिळतात तिथे, तिला झोपडी बांधून दिली. झोपडीला दोन दारे ठेवली, एक घाटाकडे आणि एक गावाकडे, म्हणजे ती कोणत्याच बाजूची ठरू नये. मापण्याबद्दल प्रत्येक राशीतून ओंजळभर धान्य तिच्या हक्काचे. मिठाच्या राशीतून मात्र काही नाही. दर मंगळवारी तिच्या हातांतून मिठाच्या शेकडो पायल्या जात, बोटे मिठाने फुटत, नखांत मीठ भरे; आणि बाजार उठला की ती ओढ्यावर जाऊन कोपरापर्यंत हात धुई, नाचणीची भाकरी थापी आणि अळणी खाई. अळणी भाकरी, अळणी भाजी, अळणी पेज.

तिचा आवाज मात्र सगळ्यांना ओळखू येऊ लागला. "लाभ... दोन... तीन... चार..." पहिल्या मापाला एक म्हणायचे नाही, लाभ म्हणायचे, ही मोजण्याची जुनी रीत. ती कोणी घातली हे मला ठाऊक नाही. पण जिच्या घरात एकच माणूस राहत होते, तिच्या तोंडून तो शब्द कधी निघाला नाही, याचे मला बरे वाटते.

खरे माप आहे, ही बातमी वाऱ्यापेक्षा लवकर पोचते. तीन बैलांचे तीस झाले, तिसांचे तीनशे. वंजाऱ्यांचे तांडे वाट वाकडी करून पळसमाथ्याला उतरू लागले. तांड्यांना नाल हवे, म्हणून लोहार आला. दिव्याला तेल हवे, म्हणून तेल्याने घाणा मांडला. कुंभार आला, तांबट आले, कोष्टी आले. बारा घरांची शंभर झाली, शंभरांची चारशे. देऊळ झाले, वेस झाली, आणि राजाने पत्र देऊन गावाला पेठ म्हटले. ज्याला काल कोणी विचारीत नव्हते, त्या माथ्यावर सात भाषा ऐकू येऊ लागल्या. आणि या सगळ्याच्या मधोमध, दोन दारांच्या झोपडीत, ती बाई एकटी बसलेली असे.

आपल्याकडे अनोळखी बाईलाही चार दिवसांत कोणी मावशी म्हणते, कोणी आत्या, कोणी काकी. एल्हाईला कोणी काही म्हटले नाही. पोरांना ताकीद होती. तिला हाक मारायची ती "मापारीणबाई" अशीच. एका सणाला पाटलीणबाई पुरणाच्या पोळ्यांचे ताट झाकून तिच्या दाराकडे निघाल्या होत्या. पाटील ओट्यावरून म्हणाले, "कुठे?" पाटलीणबाई थांबल्या, ताटाकडे बघितले, आणि माघारी फिरल्या. झोपडीच्या दारातून एल्हाईने ते पाहिले. तिने दार ओढून घेतले, म्हणजे पाटलीणबाईंना वाईट वाटू नये.

तेलीण मोठी फटकळ होती. ती बाजारात म्हणायची, "या मापारीणबाईच्या जिभेला कोणी तेल लावा गं! लाभ-दोन-तीन यापलीकडे शब्द फुटत नाही. पुढे करकर वाजते." बायका तोंडाला पदर लावून हसत. एल्हाई मान खाली घालून पुढची पायली भरी. मीठ आणि धान्य दोन्ही सपाट मापायचे, वर शीग ठेवायची नाही, हा तिचा नियम. काठावरून पट्टी फिरवली, की वरचे दाणे राशीत परत.

अशी अठरा वर्षे गेली.

अठराव्या वर्षी, पौषातल्या एका मंगळवारी, आगऱ्यांबरोबर एक तरुण बाई पहिल्यांदा घाट चढून आली. कडेवर मूल, पाठीमागे एक बैल. आदल्या दिवशी घाटात अवकाळी सर आली होती आणि तिच्या गोणीतले मीठ विरघळून वाटेवर सांडले होते. उरलेले ती एका लहानशा लाकडी चिपट्याने गोणीतून काढून राशीवर ओतत होती. चिपटे म्हणजे ओंजळभर धान्य मावेल असे छोटे माप.

एल्हाईची नजर त्या चिपट्यावर गेली. शिसवाचे होते. त्याच्या कडेवर एक चिमणी कोरलेली होती.

"हे कुठले गं?" एल्हाईने विचारले. अठरा वर्षांत तिने बाजारात विचारलेला हा पहिला प्रश्न.

"माझे आहे," ती पोरगी म्हणाली. "मी सापडले तेव्हा माझ्या मुठीत होते म्हणतात. तुमच्या घाटावर भांडण झाले ना, त्या वर्षी बाप दुसऱ्या वाटेने जात होता. वाटेत साथीने ओस पडलेले गाव लागले. तिथे एका दारात मी रडत बसलेली. घरात कोणी जिवंत दिसेना, म्हणून त्याने उचलली. हिरू नायकाची मी सगळ्यांत धाकटी, म्हणून धाकलीच म्हणतात मला. का बरे विचारता?"

एकाच लाकडातून एल्हाईच्या नवऱ्याने दोन मापे घडवली होती, मोठे घरासाठी आणि छोटे लेकीला खेळायला. मोठे तिच्या हातात होते. छोटे समोर होते.

तिने मिठात पायली बुडवली. "लाभ," ती म्हणाली. "दोन... तीन..." अकरा पायल्या झाल्या. बाराव्या पायलीत अर्ध्याहून थोडे कमीच पडले. अपुरी पायली मोजत नसत; ते मीठ तिने परत गोणीत ओतले.

"अकरा," एल्हाई म्हणाली.

धाकली कासावीस झाली. "बाई, बारा धरा हो. घरवाला दोन महिने अंथरुणाला खिळलाय. बारा पायल्या नाचणी नेली तर पाऊसकाळापर्यंत पोरं जगतील. पावसाने खाल्ले ते मी काय करू? निदान नाचणीला शीग तरी राहू द्या!"

"सगळ्यांचे सपाट," एल्हाई म्हणाली. "तुझेही सपाट."

"एका पायलीने तुमच्या पेठेचे काय बुडते?"

सगळा बाजार बघत होता. नायक म्हातारा झाला होता, तो गोणीवर बसून बघत होता. पाटील वडाच्या पारावरून बघत होते. एल्हाईला त्या क्षणी सगळे दिसले. मीठ नसलेले ते वर्ष दिसले, लेकरांचे कपाळ चाटणाऱ्या आया दिसल्या. ही माझी लेक, एवढे म्हटले की शपथ मोडली. शपथ मोडली की उद्या हेच लोक पुन्हा आपापल्या पायल्या काढणार. आणि न म्हणता बारा धरले, तर त्या चिमणीच्या पायलीत नवऱ्याचे, लेकीचे आणि देवाचे तोंड कसे बघायचे?

"अकरा," ती पुन्हा म्हणाली.

धाकलीने अकरा पायल्या नाचणी भरून घेतली. जाताना वळली आणि म्हणाली, "दगडाची आहेस. तुला लेकरू असते, म्हणजे कळले असते."

त्या दिवशी एल्हाईच्या झोपडीत चूल पेटली नाही.

दुसऱ्या दिवशी तिने देवळावर काम करणाऱ्या पाथरवटाला आपल्या हक्काचे धान्य दिले आणि त्याच्याकडून एक छिन्नी आणि हातोडी मागून घेतली. मग ती वडाखालच्या काळ्या खडकावर बसली आणि खडक कोरू लागली. मंगळवारी माप, बाकीचे सहा दिवस खडक. काळा कातळ तो. दिवसाच्या कामाला चिमूटभर दगडाचे पीठ निघे. हातांना घट्टे पडले, डोळ्यांत कच गेली. लोक विचारीत, ती सांगत नसे. तेलीण म्हणाली, "अळणी खाऊन खाऊन हिचे डोके फिरले." आणि धाकली, जी आता दर मंगळवारी येई, ती आपल्या पोरांना दाखवून म्हणे, "बघा रे, दगडाची बाई दगड फोडते आहे."

ती पोरे एल्हाईच्या डोळ्यांदेखत वाढली. मोठीचे दात पडले, नवे आले. मधला बैल हाकायला शिकला. धाकलीचा नवरा उठून हिंडू लागला. एल्हाईने हे सगळे मिठाच्या राशीपलीकडून पाहिले. तिने त्यांच्यातल्या कोणालाही नावाने हाक मारली नाही. फक्त त्यांचे मीठ मोजताना पहिला शब्द ती जरा हळू उच्चारी: लाभ.

एकीकडे खडकात खळगा होत होता. असे म्हणतात, की तिचे अश्रू त्या खळग्यात साचत आणि त्या खाऱ्या पाण्याने कातळ मऊ होई. नाहीतर एका म्हाताऱ्या बाईच्या हाताने तो कोरला गेलाच नसता. पाथरवटांना विचाराल तर तेही हेच सांगतात.

खडक कोरायला घेतल्यापासून बाराव्या वर्षी, पौषातल्या मंगळवारी, बाजार ऐन भरात असताना ती खडकावर उभी राहिली आणि तिने हात वर केला. तिला तसे उभे कोणी कधी पाहिले नव्हते. बाजार शांत झाला.

"पाटील, नायक, जवळ या," ती म्हणाली.

दोघे म्हातारे काठ्या टेकत आले. एल्हाईने आपली पायली पाण्याने भरली आणि खडकातल्या गोल खळग्यात ओतली. पाणी काठाला आले आणि थांबले. सांडले नाही, कमी पडले नाही. वारा सुटला, पाणी काठावर थरथरले, तरी एक थेंब बाहेर गेला नाही. मग ती बाजूला झाली. दोघांनी स्वतःच्या हाताने तीन वेळा भरून पाहिले. तिन्ही वेळा तेच.

"आजपासून हे तुमचे माप," ती म्हणाली. "कोणाची पायली खरी की खोटी, इथे बघा. दगडाला घर नसते. त्याला सोयरे नसतात, भूक नसते, लेकरू नसते. आता या माथ्यावर कोणा माणसाला एकटे ठेवायची गरज नाही."

मग तिने आपली लाकडी पायली खडकावर पालथी घातली. मापाऱ्याने पायली पालथी घालणे म्हणजे काम संपले.

"नायक, पाटील, बारा वर्षे मी तुमच्यापासून एक गोष्ट लपवली. शपथ घेतली तेव्हा मला कोणी नव्हते, असे मी समजत होते. ते खरे नव्हते. ही धाकली माझी लेक आहे. तिचे चिपटे या पायलीच्या लाकडाचे आहे. माझ्या मापात कधी तिच्यासाठी खोट आली असेल, तर आत्ता सांगा. जी शिक्षा असेल ती घेईन."

धाकलीच्या हातून चिपटे पडले. हिरू नायकाने ते उचलले, पालथ्या पायलीशेजारी धरले, दोन्ही चिमण्यांवरून म्हातारी बोटे फिरवली. "पोरीला उचलताना मी आत डोकावलो होतो," तो म्हणाला. "तू हलत नव्हतीस, बाई. मला वाटले, गेलीस."

"तुम्ही ती जगवलीत," एल्हाई म्हणाली. "माझे तुमच्याकडे काही मागणे नाही."

नायक खाली बसला. "आणि खोट म्हणशील, तर बारा वर्षे मीच बघतो आहे. ही दर मंगळवारी तुझ्या नावाने बोटे मोडत घाट उतरते."

धाकली पुढे आली.

"त्या दिवशी ओळखलेस तू मला?"

"ओळखले."

"आणि एक पायली कमी दिलीस?"

"कमी नाही दिली, बाय. बरोबर दिली."

"आई असून?"

"आई असून."

धाकली तिथेच खडकाच्या पायथ्याशी बसली आणि लहान मुलासारखी रडली. मग डोळे पुसून तिने आपली शिदोरी सोडली. भाकरी काढली. गोणीत हात घालून मीठ घेतले आणि चिमटीने भाकरीवर घालू लागली. "एवढे पुरे, आई?"

"आज मोजू नको," एल्हाई म्हणाली.

तीस वर्षांनी तिने मिठाचा पहिला घास खाल्ला. घास गिळून ती म्हणाली, "खारट आहे गं," आणि हसली. तिला हसताना पळसमाथ्याने त्याआधी कधी पाहिले नव्हते. तेलीण, ती फटकळ तेलीण, सगळ्यांत आधी हुंदके देऊ लागली.

भाकरी संपल्यावर एल्हाई उठली. नातवाने बैल पुढे काढला, लेकीने हात धरला, आणि ती मंडळी घाटाच्या वाटेला लागली. माणसे नुसती उभी होती. मग पाटलीणबाईंनी एकदम कपाळावर हात मारला. "अगं बायांनो, तीस वर्षांत आपण तिला एकदा तरी जेवायला बोलावले का? आता तर बोलवा!"

तेव्हा पेठेत पळापळ झाली. घरोघरी चुली पेटल्या, पाने मांडली, पाट ठेवले. ज्यांच्या घरी होते त्यांनी तूप काढले. मग सगळे घाटाच्या तोंडाशी धावले. पण तोवर खालून धुके चढले होते. दुसऱ्या वळणावरून बैलांच्या घंटा बारीक ऐकू येत होत्या, मग त्याही थांबल्या. म्हातारे मायदेव पाटील कड्यावर उभे राहून ओरडले, "एल्हाबाई, जेवायला या!" घाटाने ती हाक जशीच्या तशी परत पाठवली.

ती पुन्हा कधी वर आली नाही. कोणी म्हणतात, समुद्राकाठी लेकीच्या घरी ती आणखी अकरा वर्षे जगली. कोणी म्हणतात, त्या धुक्यातून ती खाली पोचलीच नाही, देवाने मधल्या वळणावर तिला आपल्या पंक्तीला बोलावले. आगऱ्यांना विचारले तर ते नुसते हात जोडतात. धाकली पुढेही दर मंगळवारी येत राहिली. तिचे मीठ खडकातल्या मापाने मोजले जाई, इतरांसारखेच, सपाट. आईबद्दल ती कधी बोलली नाही आणि तिला कोणी विचारले नाही.

तो खडक आजही पेठेत वडाखाली आहे. त्याच्या खळग्यातले पाणी वैशाखातही आटत नाही आणि चिमण्या तिथे पाणी पितात, असे म्हणतात. लाकडी पायली आणि चिपटे शेजारी शेजारी देवळात ठेवली आहेत. जिला हयातीत कोणी मावशी म्हटले नाही, तिला सारी पेठ मापाई म्हणते, म्हणजे मापाची आई.

आणि पौषातल्या पहिल्या मंगळवारी पळसमाथ्याच्या प्रत्येक घरात स्वयंपाक अळणी होतो. पुढचे आणि मागचे, दोन्ही दारे उघडी ठेवतात. एक पान जास्त मांडतात. घरातली सगळ्यांत वडील बाई उंबऱ्यात उभी राहते आणि घाटाकडे तोंड करून हाक मारते, "मापाई, जेवायला ये गं!" मग घरातले सगळे हळूहळू बारा मोजतात, लाभपासून. तोवर कोणी घासाला हात लावत नाही. त्या वेळात वाटेवरून जो कोणी एकटा माणूस जात असेल, फिरस्ता असो, वेडा असो, कोणाचा कोणी नसलेला असो, त्याला आत बोलावून त्या पानावर बसवतात. कोणी आले नाही, तर पान तसेच राहते. आधी त्या पानावर मीठ वाढतात, चिमटीने, न मोजता. मग आपल्या पानांवर.

हा मंगळवार करणाऱ्या पेठेत तेव्हापासून कोणी एकट्याने जेवत नाही, असे म्हणतात. मी म्हणतो, तसे व्हावे.

ज्यांनी ही कथा ऐकली, त्यांच्या घरी चूल पेटती राहो. ज्यांचे कोणी हरवले असेल, त्यांचे ते माणूस कोणत्या तरी वळणावर त्यांना भेटो. देणाऱ्याचे माप खरे राहो आणि घेणाऱ्याचे पोट भरो. तुमच्या दाराशी कोणी एकटा उभा असेल, तर त्याला हाक मारायला तुम्हाला उशीर न होवो. सर्वांच्या पानात मीठ असो, आणि सर्वांच्या पंगतीला तो अनंत बसो.